पावसाळ्यातला पाहुणा

इतिहास शिकवताना आपण परदेशी प्रवाशांच्या वर्णनांचा बराच आधार घेतो. ह्युएनत्संगाने काय पाहिलं, इब्न बतूता काय म्हणतो, हे मुलांना सांगतो. हे लोक कोणत्या वर्षी आले, कोणाच्या राज्यात आले हेही सांगतो. पण ते वर्षाच्या कोणत्या महिन्यात आले, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. खरं तर आपल्यासारख्या मोसमी पावसाच्या देशात हा प्रश्न सालाइतकाच महत्त्वाचा आहे.

उदाहरणासाठी लांब जायला नको. सोलापूर जिल्ह्यातलं, बार्शी तालुक्यातलं वैराग घेऊ या. एक परका माणूस मे महिन्यात वैरागला आला आणि दुसरा सप्टेंबरच्या अखेरीला आला, असं समजा. पहिल्याला काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा दिसतील, ओढे कोरडे दिसतील. दुसऱ्याला त्याच रानात पाय रुतेल असा चिखल दिसेल आणि ओढ्याला पाणी दिसेल. दोघांनी आपापल्या देशी जाऊन वर्णन लिहिलं, तर वाचणाऱ्याला ती दोन वेगळी गावं वाटतील. दोघांपैकी खोटं कोणीच बोललेलं नसेल.

म्हणून या लेखात आम्ही पावसाळ्यात आलेल्या काही पाहुण्यांकडे बघणार आहोत. त्यांनी काय पाहिलं, पावसाने त्यांचं काय केलं, आणि त्यांच्या लिहिण्यातून आपल्याला किती खात्रीने काय काढता येतं, हे तपासू या. मुख्य पाहुणा आहे रशियातला एक व्यापारी. तो साडेपाचशे वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात जुन्नरला अडकला आणि पुढे सप्टेंबरात, बहुधा आपल्याच बाजूने, बीदरला गेला.

बंद दारांचे चार महिने

पावसाळ्यात प्रवास करायचा नाही, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. बौद्ध भिक्षूंना पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. जैन मुनींचा चातुर्मास आजही पाळला जातो. या नियमामागे दोन कारणं सांगतात. एक म्हणजे वाटा चालण्याजोग्या राहत नाहीत. दुसरं म्हणजे या दिवसांत जमिनीवर कोवळे कोंब आणि बारीक जीव फार असतात, ते पायाखाली चिरडतात. जुन्नरच्या परिसरात दीडशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. त्यांतल्या भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या बघताना वर्षावासाची आठवण ठेवली, तर दगडातल्या त्या निवाऱ्याचा अर्थ जास्त कळतो.

समुद्रही बंद असे. कोकणातल्या होड्या ज्येष्ठात किनाऱ्यावर ओढून शाकारत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटत. पण ज्या वाऱ्याने समुद्र बंद होतो, त्याच वाऱ्याच्या भरवशावर परदेशी व्यापार चालत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली 'पेरिप्लस' ही समुद्रमार्गाची माहितीपुस्तिका प्रसिद्ध आहे. भारताकडे येणारी जहाजं इजिप्तहून जुलैच्या सुमाराला सोडावीत, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन निघायचं आणि त्याचा जोर ओसरत असताना आपला किनारा गाठायचा.

याच पुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या 'तगर' या गावाचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. वैरागहून सरळ रेषेत मोजलं, तर ते पन्नास किलोमीटरच्या आतच आहे. तिथलं कापड गाड्यांत घालून भडोचच्या बंदरापर्यंत नेत असत. तेरच्या संग्रहालयातल्या जुन्या वस्तू बघायला मुलांना नेलं, तर हा धागा जरूर सांगावा. आपल्याकडे पाऊस आणणारा वारा आणि तेरचं कापड परदेशी नेणारी जहाजं इकडे आणणारा वारा एकच होता. अरबीत ऋतूला 'मौसिम' म्हणतात. आपला 'मोसम', पोर्तुगीजांचा 'मोंसांव' आणि इंग्रजांचा 'मॉन्सून' हे सगळे त्याच एका शब्दापासून आले आहेत.

एक व्यापारी आणि एक घोडा

आता आपल्या मुख्य पाहुण्याकडे वळू. त्याचं नाव अफनासी निकितिन. गाव त्वेर, व्होल्गा नदीच्या काठचं. १४६८ च्या सुमाराला (काही अभ्यासकांच्या मते १४६६ मध्ये) माल घेऊन तो नदीमार्गे दक्षिणेकडे निघाला. अस्त्राखानजवळ लुटारूंनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना लुटलं. मालाबरोबर त्याची धार्मिक पुस्तकंही गेली. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

रिकाम्या हाताने परत जावं, तर घरी सावकार वाट बघत होते. म्हणून तो बाकूवरून इराणात गेला आणि फिरत फिरत होर्मुझ बंदरात पोहोचला. तिथून तो घोडे वाहून नेणाऱ्या एका जहाजात बसला. बरोबर त्याचाही एक घोडा होता. दख्खनमध्ये घोड्यांची चांगली पैदास होत नसे, पण सुलतानांच्या फौजांना घोडे लागत, त्यामुळे अरबस्तान-इराणातले घोडे इथे मोठ्या किमतीला विकले जात. निकितिनने आपलं सगळं भांडवल या एका जनावरात घातलं होतं. घोडा जुन्नरपर्यंत आणायला त्याला शंभर रूबल खर्च आला.

सहा आठवडे समुद्रात काढून तो चौलला उतरला. तिथून पालीला आठ दिवस, पुढे उमरा नावाच्या गावी दहा दिवस आणि मग जुन्नरला सहा दिवस असा तो चालला. जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होतं. तिथे असदखान नावाचा अधिकारी होता. त्याच्यावर मलिक-उत-तुज्जार, म्हणजे बहमनी राज्याचा प्रसिद्ध वजीर महमूद गावान.

जुन्नरला पाऊस लागला. निकितिनला तिथे दोन महिने थांबावं लागलं. आणि तिथेच त्याच्यावर संकट आलं. खानाने त्याचा घोडा काढून घेतला. हा माणूस मुसलमान नाही हे कळल्यावर खानाने त्याच्यासमोर दोन वाटा ठेवल्या. धर्म बदललास तर घोडा परत मिळेल आणि वर हजार मोहरा मिळतील. नाही बदललास तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा दंड. विचार करायला चार दिवस दिले. ऑगस्टचे दिवस, वाटांवर चिखल, ओळखीचं कोणी नाही, गाव हजारो कोसांवर. पळून जाणार कुठे? शेवटी खुरासानचा एक महंमद नावाचा खजिनदार जुन्नरला आला. निकितिनने त्याचे पाय धरले. त्याने खानाकडे शब्द टाकला आणि धर्मही वाचला, घोडाही परत मिळाला. एका परधर्मी प्रवाशाला परमुलखात छळणारा एक मुसलमान अधिकारी होता आणि सोडवणारा दुसरा मुसलमान अधिकारी होता, हे निकितिनने दोन्ही सरळपणे लिहून ठेवलं आहे.

१५ ऑगस्टच्या सुमाराला तो जुन्नरहून निघाला आणि महिनाभर चालून बीदरला पोहोचला. तिथे पुढे तो घोडा विकला गेला. काही वर्षं दख्खनमध्ये काढून तो दाभोळहून परत फिरला, पण त्वेरला पोहोचू शकला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या वह्या १४७५ मध्ये मॉस्कोला पोहोचल्या. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने त्याचं लेखन ओळखलं जातं. वास्को द गामा कालिकतला येण्याच्या वीसहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट आहे. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियन दिग्दर्शक वासिली प्रोनिन यांनी या प्रवासावर 'परदेसी' हा चित्रपट काढला. चौलजवळ रेवदंड्याला निकितिनचं स्मारकही आहे.

पाहुण्याची साक्ष तपासू या

निकितिन पावसाबद्दल काय सांगतो? थोडक्यात असं: त्यांच्याकडे ट्रिनिटीच्या सणापासून 'हिवाळा' सुरू झाला. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखलच होता. याच दिवसांत इथले लोक नांगरतात आणि गहू, भात, हरभरा आणि इतर खाण्याची धान्यं पेरतात.

या चार-पाच ओळी वर्गात अभ्यासायला फार चांगल्या आहेत. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा 'हिवाळा' या शब्दाचा. जूनमध्ये हिवाळा कसा? निकितिनच्या भाषेत पावसाळ्यासाठी वेगळा शब्दच नव्हता. त्याच्या देशात वर्षाचे जे महिने वाटा बंद करतात, माणसाला घरात बसवतात, ते हिवाळ्याचे. इथे तेच काम पाऊस करत होता, म्हणून त्याने त्याला हिवाळा म्हटलं. पुढे पोर्तुगीजांनीही आपल्या पावसाळ्याला त्यांच्या भाषेतला हिवाळ्याचाच शब्द लावला. म्हणजे पाहुणा नवी गोष्ट जुन्या शब्दात बसवतो. वाचणाऱ्याला हे माहीत नसेल, तर तो जुन्नरला जूनमध्ये कडाक्याची थंडी होती असा निष्कर्ष काढून मोकळा होईल!

दुसरा मुद्दा तारखेचा. ट्रिनिटीचा सण ईस्टरनंतर ४९ दिवसांनी येतो आणि ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते. निकितिन नेमका कोणत्या साली आला, याबद्दल दोन मतं आहेत. जुनं मत १४६९ चं, नंतरचं १४७१ चं. तेव्हाच्या ज्यूलियन पंचांगाप्रमाणे १४६९ मध्ये ईस्टर २ एप्रिलला आणि १४७१ मध्ये १४ एप्रिलला होता. त्यात ४९ दिवस मिळवले, तर ट्रिनिटी अनुक्रमे २१ मे आणि २ जूनला येते. पंधराव्या शतकात ते पंचांग आजच्या पंचांगाच्या नऊ दिवस मागे होतं. म्हणून आजच्या हिशेबाने या तारखा ३० मे आणि ११ जून अशा होतात. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईला ११ जूनच्या आसपास पोहोचतो. मग १४७१ हे साल बरोबर ठरलं का? उत्साही विद्यार्थी लगेच हो म्हणतील. पण थांबा. पाऊस काही वर्षी आठवडाभर आधी येतो, काही वर्षी आठवडाभर उशिरा. वळवाच्या पावसालाही पाहुणा 'हिवाळा सुरू झाला' म्हणू शकतो. शिवाय निकितिनची पुस्तकं लुटीत गेली होती. सणांच्या तारखांचा आपल्याला नीट पत्ता नाही, हे तो स्वतःच पुढे सांगतो. म्हणून या गणिताने साल ठरत नाही. मात्र एक गोष्ट नक्की कळते. त्याने सांगितलेली पावसाची सुरुवात दोन्ही वर्षांच्या हिशेबात मे-अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पडते. म्हणजे साडेपाचशे वर्षांपूर्वीही पाऊस साधारण आजच्याच सुमाराला येत होता, याला ही एक बारीकशी साक्ष आहे.

तिसरा मुद्दा 'चार महिने रात्रंदिवस' याचा. निकितिन चौलहून ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्यात निघाला. चौल ते जुन्नरचे त्याने दिलेले दिवस मिळवले, तर चोवीस होतात. म्हणजे तो जूनमध्ये जुन्नरला पोहोचला आणि ऑगस्टच्या मध्यावर निघाला. हिशेब दोन महिन्यांचा लागतो आणि तोही दोनच महिने राहिलो म्हणतो. मग चार महिन्यांचा पाऊस त्याने एका जागी पाहिलेला नाही. थोडा कोकणात, थोडा घाटात, थोडा जुन्नरला, थोडा बीदरच्या वाटेवर आणि बाकीचा गावकऱ्यांच्या तोंडून, अशी ती बेरीज आहे. तिच्यात खोटेपणा नाही. पण एका ठिकाणचं पर्जन्यमान म्हणून ती वापरता येणार नाही.

चौथा मुद्दा पिकांचा, आणि इथे वैरागच्या शेतकऱ्याचा मुलगा मॉस्कोच्या पंडिताची चूक काढू शकतो. भात पावसात लावतात हे बरोबर. पण गहू आणि हरभरा पावसाच्या भरात पेरतात का? ही रब्बीची पिकं. पाऊस ओसरल्यावर, रानाला वापसा आल्यावर ती पेरायची. भर पावसात हरभरा पेरला तर तो कुजून जाईल. निकितिन व्यापारी होता, शेतकरी नव्हता. त्याने वेगवेगळ्या महिन्यांतल्या पेरण्या एका वाक्यात बसवल्या. यावरून एक नियम काढता येतो: पाहुणा त्याच्या धंद्यातलं जे सांगतो, त्यावर जास्त विश्वास ठेवावा. घोड्याचा खर्च, घोड्यांना हरभरे आणि खिचडी चारतात, ओझी बैलांवरून नेतात, या त्याच्या नोंदी म्हणूनच मोलाच्या आहेत. दुसऱ्याच्या धंद्यातलं सांगतो, ते त्या धंद्यातल्या माणसाला दाखवून घ्यावं.

आपल्या बाजूने जाताना

आता नकाशा काढा. जुन्नर आणि बीदर ही दोन ठिकाणं सरळ रेघेने जोडा. रेघ साधारण ४१० किलोमीटरची होते आणि ती वैरागच्या उत्तरेला पन्नास-एक किलोमीटरवरून जाते. निकितिनने या टप्प्यातली वाटेवरची गावं सांगितलेली नाहीत, त्यामुळे तो नेमका कोणत्या वाटेने गेला हे ठरवता येत नाही. रोज तीन-चार गावं लागत, एवढं तो सांगतो. पण सरळ रेघेच्या जवळपासच्या वाटेने गेला असेल, तर अहमदनगर-बार्शी-धाराशिव हा पट्टा त्याला बहुधा लागला असेल. तसं असेल, तर घोड, सीना, तेरणा, मांजरा यांपैकी बऱ्याच नद्या त्याला ओलांडाव्या लागल्या असणार.

वेगाचंही गणित करून बघा. चौल ते जुन्नर सरळ अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. त्याला चोवीस दिवस, म्हणजे दिवसाला पाच किलोमीटर. जुन्नर ते बीदर ४१० किलोमीटरला एक महिना, म्हणजे दिवसाला तेरा-चौदा किलोमीटर. पहिल्या टप्प्यात घाट चढायचा होता आणि वाटेत मुक्कामही झाले असतील. दुसऱ्या टप्प्यात वाट सपाट होती. पण ही वाट तो चालला कधी? १५ ऑगस्टला आजच्या हिशेबाने २४ ऑगस्ट म्हणायचं. म्हणजे प्रवासाच्या मध्यावर, वैरागच्या उत्तरेला, तो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होता.

वैरागकर यावर लगेच म्हणतील, की आमच्याकडे तर सप्टेंबरातच खरा पाऊस! आणि ते बरोबर आहे. जून-जुलैत समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीवर चढतो, थंड होतो आणि आपलं पाणी घाटमाथ्यावर टाकतो. महाबळेश्वरला वर्षात साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर उतरून पूर्वेला आलेली हवा कोरडी आणि उबदार होते, ढग विरतात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस ठिकाणपरत्वे साधारण पाचशे ते सातशे मिलिमीटर. तोही जूनमध्ये थोडा, मग लांबलेली उघडीप आणि सगळ्यात जास्त सप्टेंबरात. तेव्हा सह्याद्रीवरून येणाऱ्या वाऱ्याचा जोर कमी होतो आणि बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकत आपल्यापर्यंत येतात. दुपारनंतर विजांसह सरी पडतात. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसाकडे आपला शेतकरी डोळे लावून बसतो, त्याचं कारण हेच. मालदांडी ज्वारी या पावसाच्या ओलीवरच येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि मग काळ्या मातीत मुरलेल्या ओलाव्यावर, वर पाणी न मिळता, ती वाढते.

ही काळी माती मोठी चमत्कारिक आहे. काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ती झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिला पाऊस या भेगांतून झटकन खोल जातो. पण एकदा माती फुगून भेगा मिटल्या, की पाणी मुरायला फार वेळ लागतो. मग वर साठून राहतं, चाकाला आणि खुराला माती चिकटते, गाडी रुतते. यामुळे एक शंका घ्यायला जागा आहे. पाहुण्यांना आठवला तो चिखल म्हणजे पावसाचं मोजमाप, का मातीचं? थोड्या पावसातही काळ्या रानातली वाट बंद पडते. डोंगराळ तांबड्या मुरमाच्या वाटेवर तेवढाच पाऊस पडला, तर माणूस तासाभरात चालू लागतो. प्रवाशाच्या वहीतला 'चिखल' वाचताना पावसाच्या आकड्याइतकाच मातीचा नकाशाही जवळ ठेवायला हवा.

कोरड्या नदीतला बादशहा

पाऊस न समजलेल्या पाहुण्याची दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. हा पाहुणा न बोलावता आला होता आणि एकटा नव्हता. औरंगजेब १६९५ ते १६९९ एवढा काळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला तळ देऊन होता. सोलापूर-मंगळवेढा रस्त्यावरचं माचणूर ते हेच. पुढच्या वर्षी साताऱ्याकडच्या मोहिमेहून परतताना त्याची छावणी माण नदीच्या काठी खवासपूरला पडली. आज हे गाव सांगोला तालुक्यात आहे. ऑगस्टचे शेवटचे दिवस होते. नदी कोरडी होती. तंबू दोन्ही काठांवर आणि काही पात्रातच उभे राहिले.

१ ऑक्टोबर १७०० च्या मध्यरात्री वरच्या डोंगराळ भागात पडलेल्या पावसाचं पाणी लोंढ्याने आलं. लोक झोपेत होते. माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. आरडाओरडा ऐकून, मराठे छावणीत शिरले असं समजून औरंगजेब घाईने उठला, पाय घसरून पडला आणि त्याचा गुडघा निखळला. तो नीट बसला नाही आणि उरलेलं आयुष्य बादशहा लंगडत चालला. दरबारातल्या लोकांनी, हा तर आपल्या पूर्वजाचा, तैमूरलंगाचा वारसा, असं म्हणून त्याचं समाधान केलं, असं इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी लिहिलं आहे.

या घटनेतलं विज्ञान मुलांना सहज सांगता येईल. माणचा उगम साताऱ्याच्या दुष्काळी भागात आहे. नदी वर्षातले बरेच दिवस कोरडी असते. पण नदीला पूर येण्यासाठी आपल्या डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही, तो पाणलोटात पडावा लागतो. पावसाळ्याच्या अखेरीला माती आधीच भिजून फुगलेली असते, त्यामुळे त्या वेळी पडलेलं पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. कोरडी नदी ही सुरक्षित जागा, असं वाटणं हा पाहुण्याचा समज. आपल्याकडचा शेतकरी पात्रात कलिंगडं लावतो, पण पावसाळ्यात तिथे झोपत नाही. मात्र ही जाण इथल्या माणसांनीही विसरायला नको. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि पंढरपुरात भिंत कोसळून माणसं दगावली. तारीख बघा. जवळपास तोच पंधरवडा.

याच्या उलट, पावसाळा नीट समजून घेतलेला पाहुणा म्हणजे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली. १८०३ साली त्याने मराठ्यांविरुद्धची मोहीम मुद्दाम ऑगस्टमध्ये सुरू केली. त्याचा हिशेब असा: नद्या भरलेल्या असताना मराठ्यांच्या घोडदळाला हवं तिथे उतार सापडणार नाही, आणि मला मात्र नदी ओलांडता येईल. कारण त्याने वेताच्या विणीवर कातडं चढवलेल्या टोपलीसारख्या नावा तयार ठेवल्या होत्या. त्यांतून त्याचं सैन्य गोदावरी उतरलं आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. आपला ऋतू आपल्यापेक्षा परक्याने जास्त विचारपूर्वक वापरला, ही गोष्ट मनाला लागते. पण ती मुलांना सांगायला हवी.

एका वर्षाची साक्ष

शेवटी एक सावधगिरी. निकितिनने दख्खनचा पाऊस मोजक्या वर्षांचा पाहिला आणि चिखल लिहून ठेवला. पण त्याच पंधराव्या शतकात याच मुलखात भीषण दुष्काळ पडल्याच्या आठवणी लोकांनी जपल्या आहेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बीदरच्या सुलतानाची धान्याची कोठारं उपाशी लोकांसाठी उघडली, ही कथा महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहे. तिचं साल नक्की सांगता येत नाही आणि तिच्यात चमत्कारही मिसळला आहे. पण जिथे ती घडली असं सांगतात, तो मुलूख आणि निकितिनचं बीदर एकाच राज्यात होते. एका वर्षी चिखल, दुसऱ्या वर्षी कोठारं फोडायची वेळ. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांना यात नवल वाटणार नाही. ज्या भागात सरासरी पाऊसच कमी, तिथे वर्षावर्षातला फरक मोठा असतो. म्हणून एका वर्षाच्या साक्षीवरून, मग ती पाहुण्याची असो वा आपली, विहिरी, पिकं आणि पाण्याचे बेत ठरवता येत नाहीत. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. भारतीय हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं, ते याच गरजेतून.

इथल्या माणसाने आयुष्यभरात साठ-सत्तर पावसाळे पाहिलेले असतात. निकितिनने त्या मानाने काहीच पाहिलं नाही. तरी पंधराव्या शतकातल्या जुन्नरच्या एका पावसाळ्याबद्दल आपण आज एवढं बोलू शकतो, कारण त्याने लिहून ठेवलं.

तेव्हा आमची सूचना अशी. सरळ बाजूंचं, सपाट बुडाचं एक भांडं शाळेच्या उघड्या जागेत, झाड-भिंतीपासून दूर, जमिनीपासून थोडं उंच बसवा. दररोज सकाळी साडेआठला त्यात साठलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा आणि भांडं रिकामं करा. तेवढ्या मिलिमीटर पाऊस झाला, असं समजायचं. शेजारच्या रकान्यात तीन गोष्टी लिहा: रानात वापसा आहे का, ओढ्याला पाणी आहे का, आज कोणती पेरणी किंवा कोणतं काम चालू आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एवढं केलं, तरी निकितिनच्या साक्षीतली प्रत्येक ओळ तपासायला आपली स्वतःची नोंद हाताशी येईल. वैरागची ही वही जुन्नर किंवा चौलच्या एखाद्या शाळेच्या वहीशी ताडून पाहता आली, तर पर्जन्यछाया हा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. आणि वही मात्र वर्ष संपल्यावर रद्दीत घालू नका. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तिचा उपयोग आहे.